मिनिटबाईंचा सत्कार

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात एखादा समारंभ फसल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिथलं भांडार एकतीस वर्षं सांभाळतोय. याचं श्रेय साहेबांना देऊ नका. साहेब येतात नि जातात. श्रेय मिनिटबाईंचं.

मिनिटबाई आस्थापना विभागात बसतात. निवृत्तीचे समारंभ, बक्षिसं, नव्या पंपाचं उद्घाटन, वरून येणाऱ्यांचं स्वागत, सगळं त्याच करतात. त्यांची कार्यक्रमपत्रिका मिनिटांवर चालते. ‘चार पाच ते चार सात : पुष्पगुच्छ. चार सात ते चार आठ : टाळ्या.’ टाळ्यांनाही वेळ नेमून दिलेला असतो. तो संपला की बाई पडद्याशेजारून हात वर करतात आणि लोक गुमान गप्प होतात. पत्रिका एकदा छापली की ब्रह्मदेव आला तरी तीत बदल नाही. एकदा प्रमुख पाहुणे वीस मिनिटं उशिरा आले. तोवर त्यांचं भाषण पत्रिकेप्रमाणे होऊन गेलं होतं. म्हणजे रिकाम्या माइकसमोर आम्ही सगळे बारा मिनिटं हाताची घडी घालून बसलो होतो. पाहुणे पोचले ते थेट स्वतःच्या आभारांना.

या बाई यंदा महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. पस्तीस वर्षांत त्यांनी शे-दीडशे माणसांचे सत्कार केले, प्रत्येकाचं मानपत्र स्वतः लिहिलं, आणि स्वतः मात्र एकदाही व्यासपीठावरच्या खुर्चीत बसल्या नाहीत. याची लाज आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. पण बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, ‘‘माझा समारंभ करायचा नाही. मी तो करणार नाही, आणि तुम्हाला तो जमणार नाही.’’

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच जास्त टोचत होत्या.

पहिली बैठक माझ्या भांडारात भरली, कारण तिथे बाई पाऊल टाकत नाहीत. ग्रीसचे डाग निघत नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. साहेब माझ्या खुर्चीवर बसले, फोरमन एका मोठ्या व्हॉल्व्हवर बसले आणि मी उभा राहिलो.

‘‘गुपचूप करून टाकू,’’ फोरमन म्हणाले. ‘‘त्यात काय एवढं? हॉल, माइक, फुलं, चहा.’’

चार दिवसांनी ते पुन्हा त्याच व्हॉल्व्हवर येऊन बसले आणि या वेळी त्यांचा आवाज बसला होता. हॉलची किल्ली बाईंकडे. माइकच्या कपाटाची किल्ली बाईंकडे. खुर्च्या कुठून येतात ते बाईंना माहीत. फुलवाल्याचा नंबर बाईंच्या वहीत. चहावाल्याला फोरमननी स्वतः जाऊन गाठलं, तर तो म्हणाला, बाईंचा निरोप आल्याशिवाय मी किटली हलवत नाही.

‘‘मग बाईंनाच करू द्या,’’ साहेब म्हणाले. ‘‘दुसऱ्या कुणाचा तरी सत्कार आहे असं सांगू. ऐन वेळी मी नाव घेतो ते बाईंचं.’’

कल्पना आम्हाला एकदम पसंत पडली. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे.

‘‘माझा? कशाबद्दल?’’ मी विचारलं.

फोरमननी मान खाजवली. ‘‘असेलच की हो काहीतरी.’’

‘‘एकतीस वर्षं हजर आहात,’’ साहेब म्हणाले. बराच विचार करून म्हणाले, तेच मला झोंबलं.

माझ्याबद्दल ऑफिसचं काय मत आहे ते मला ठाऊक आहे. पाठीमागे मला ‘जुनं-आणा’ म्हणतात. जुनं आणा, नवं न्या, हा माझा नियम. जळका बल्ब दाखवल्याशिवाय नवा बल्ब नाही, झिजलेला वॉशर दाखवल्याशिवाय नवा वॉशर नाही. याच साहेबांना मी पहिल्या आठवड्यात टेबलावरचा बंद पडलेला दिवा घेऊन दोन मजले खाली उतरायला लावलं होतं. अशा माणसाचा सत्कार कोण करतो? बाईंना हूल द्यायला मात्र मी चांगला होतो. कुणालाही हेवा वाटला नसता.

‘‘एक अट,’’ साहेब म्हणाले. ‘‘घरीसुद्धा बोलायचं नाही. तुमच्या मिसेस आणि बाई दर रविवारी भाजीबाजारात भेटतात.’’

मी हो म्हटलं. माझा सत्कार आहे हे सांगायचं नाही असं मी समजलो. सत्कार खोटा आहे हे सांगायचं नाही असं ते म्हणत होते. दोन्ही न सांगणं मला जमलं असतं, पण बाई तशा गप्प बसणाऱ्या नव्हेत.

बाईंना बातमी दिली तेव्हा त्यांनी ‘कशाबद्दल’ असं विचारलं नाही. वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, ‘‘तुमचं कार्य सांगा.’’

‘‘काही नाही हो बाई.’’

‘‘तसं सगळेच म्हणतात. मग आठ-आठ मिनिटं बोलतात.’’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘बरं. मी शोधते.’’

दुसऱ्या दिवसापासून त्या शोधायला लागल्या. जुने फिटर, पंपावरचे ऑपरेटर, निवृत्त झालेले दोघे-तिघे, सगळ्यांना गाठलं. रेकॉर्डमधून माझी फाइल मागवली. ते ऐकून मी उगाच वॉशर मोजत बसलो, कारण त्या फाइलमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. आणि मग त्यांनी बालपणाची माहिती हवी म्हणून माझ्या बायकोला फोन केला.

संध्याकाळी घरी गेलो तर ही दारातच उभी.

‘‘अहो, तुमचा सत्कार आहे?’’

मी चपला काढायला खाली वाकलो आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिलो.

‘‘मला परक्यांकडून कळावं ना! अहो, बोला की. खरंच आहे?’’

‘‘आहे म्हणजे… समारंभ आहे,’’ मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षांत मी तिच्या हातचं खाल्लं, तिची बोलणी खाल्ली, पण असं बघणं माझ्या वाट्याला आलं नव्हतं. घरातल्या जुन्या कपाटाला एक खण जास्तीचा निघावा, तसं ती बघत होती. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

कारण तिला एक धाकटा भाऊ आहे. मेव्हण्याचं फर्निचरचं दुकान आहे आणि त्याच्या बैठकीच्या भिंतीवर सात स्मृतिचिन्हं आहेत. आदर्श व्यापारी, उत्कृष्ट शेजारी, एक तर कुठल्याशा शर्यतीला पाण्याच्या बाटल्या दिल्याबद्दलचं. आम्ही गेलो की तो भिंतीकडे पाठ करून कधीच बसत नाही, आम्हाला तिकडे तोंड करून बसवतो. मग विचारतो, ‘‘भावोजी, तुमच्याकडे काय नवीन?’’ ही तेव्हा चहाच्या कपात बघते. ती कपात बघते ते मला दिसतं. यावर आम्ही कधी बोललो नाही, पण एकोणतीस वर्षं ती कपात बघते आहे.

‘‘मी त्याला फोन केला,’’ ही म्हणाली. ‘‘तो येतो म्हणाला. पहिल्या रांगेत बसू, मी बाईंना सांगून ठेवलंय.’’

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, मला घरी खरं सांगू द्या. साहेब म्हणाले, समारंभ झाल्यावर सांगा, किती हसतील बघा त्या. साहेबांचं लग्न झालेलं आहे की नाही अशी मला शंका आली.

तरी मी सांगणार होतो. पहिल्या आठवड्यात रोज ठरवायचो. पण ही रोज नवीन काहीतरी काढून बसायची. एक दिवस माझ्यासाठी शर्ट आणला. एक दिवस मला बसवून भाषणाची तालीम घेतली. ‘‘‘मी काही फार केलं नाही’ असं म्हणू नका,’’ ती म्हणाली, ‘‘लोकांना ते पटतं.’’ समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी अगदी तोंड उघडलं. ती शर्टाला इस्त्री करत होती. कॉलरची टोकं आतून-बाहेरून दाबत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. मी म्हणालो, ‘‘ऐक ना.’’ ती म्हणाली, ‘‘काय?’’ मी म्हणालो, ‘‘बाही राहिली.’’

असा मी शूर.

समारंभाच्या दिवशी चार वाजता हॉल भरला. खुर्च्या एका रेषेत, प्रत्येक खुर्चीवर पत्रिका. मी व्यासपीठावर साहेबांच्या शेजारी बसलो, आणि स्मृतिचिन्ह टेबलावर कापडाखाली झाकलेलं होतं. आमच्या समितीने स्वतःच्या हिमतीवर केलेलं तेवढं एकच काम. त्यावर बाईंचं नाव कोरलेलं होतं आणि तीन आठवडे ते मी वॉशरच्या खोक्यांमागे लपवलं होतं. पहिल्या रांगेत ही आणि तिच्या शेजारी मेव्हणा. बाई नेहमीप्रमाणे पडद्याशेजारी, हातात घड्याळ आणि फाइल.

चार चौदाला साहेब उठले.

‘‘आज आपण एका अशा व्यक्तीचा सत्कार करतोय,’’ ते म्हणाले, ‘‘जिच्याशिवाय या कार्यालयात एकही समारंभ झाला नाही. ती व्यक्ती म्हणजे,’’ आणि त्यांनी हात पडद्याकडे केला, ‘‘आपल्या बाई!’’

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. माणसं उभी राहिली, शिट्ट्या वाजल्या. मी फक्त पहिल्या रांगेकडे पाहिलं. ही टाळ्या वाजवत होती, कारण सगळे वाजवत होते. मग तिचे हात हळूहळू थांबले. मेव्हण्याने वाकून तिच्या कानात काहीतरी विचारलं. तिने मांडीवरच्या पत्रिकेत पाहिलं, मग माझ्याकडे.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी हात वर केला. टाळ्या बंद.

‘‘साहेब, पत्रिका बघा,’’ त्या तिथूनच म्हणाल्या.

‘‘अहो बाई, गंमत आहे ती! हा सत्कार तुमचाच आहे. या ना वर.’’ आणि साहेबांनी सवयीने हात पुढे केला. ‘‘मानपत्र?’’

बाईंनी सवयीने फाइल हातात दिली.

साहेबांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा पाहून मला सगळं उमगलं. बाईंचं मानपत्र कुणी लिहिलंच नव्हतं. साहेबांना वाटलं फोरमननी लिहिलं असेल, फोरमनना वाटलं साहेबांनी. आणि खरं सांगायचं तर दोघांनाही, आणि मलाही, मनातल्या मनात असंच वाटत होतं की मानपत्र बाई लिहितात. पस्तीस वर्षं त्याच लिहीत आल्या होत्या. स्वतःचं कसं लिहितील, एवढा साधा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. फाइलमध्ये एकच मानपत्र होतं, माझं.

साहेब हुशार माणूस. त्यांनी तेच वाचायला घेतलं.

‘‘‘एकतीस वर्षं…’ म्हणजे पस्तीस वर्षं, ‘भांडाराच्या…’ अं, आस्थापनेच्या ‘दारात उभं राहून त्यांनी एक नियम पाळला. जळका बल्ब…’’’ ते थांबले. हॉलमध्ये खसखस पिकली. ‘‘‘जळका बल्ब आणल्याशिवाय त्यांनी नवा बल्ब कुणालाही दिला नाही. वरिष्ठांनाही नाही.’’’

आता लोक मोकळेपणाने हसायला लागले. बाईंचा चेहरा लाल झाला. पस्तीस वर्षांत त्यांच्या समारंभात कुणी भलत्या जागी हसलं नव्हतं. मला ते बघवेना. माझं काय, जाऊ दे, मला सवय होती. पण ज्या बाईने शे-दीडशे लोकांना ताठ मानेने घरी पाठवलं, तिच्याच सत्कारात तिचं हसं व्हावं?

मी उठून माइकपाशी गेलो. ही बघत होती. मेव्हणाही बघत होता. आता बाही राहिली म्हणून भागणार नव्हतं.

‘‘थांबा,’’ मी म्हणालो. ‘‘हे मानपत्र बाईंचं नाही. हे माझ्यावर लिहिलेलं आहे. पण तेही खरं नाही. माझा सत्कार नव्हताच. बाईंना कळू नये म्हणून माझं नाव पुढे केलं होतं. मी नुसती हूल. मानपत्र म्हणून जे काही लिहिलंय ते बाईंना फसवून लिहून घेतलंय. बाई, माफ करा. आणि…’’ मी पहिल्या रांगेकडे पाहिलं, ‘‘तूही माफ कर. मला सांगवलं नाही.’’

कुणी हसलं नाही. मी तिथेच उभा राहिलो, कारण खाली कुठे जायचं ते सुचेना.

मग बाई निघाल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पडद्याची जागा सोडून व्यासपीठावर आल्या, साहेबांच्या हातातून फाइल घेतली आणि मला कोपराने माइकवरून बाजूला सारलं. त्या संतापल्या होत्या.

‘‘खरं नाही?’’ त्या मला म्हणाल्या, पण माइक चालू असल्यामुळे सगळ्या हॉलला म्हणाल्या. ‘‘एकोणीस दिवस घालवलेत मी यावर. चौदा माणसांना भेटले. तुमची फाइल पहिल्या कागदापासून वाचली. फसवलंत तुम्ही तिघांनी मला, त्याचं मी नंतर बघते. पण यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर दाखवा मला. आहे हिंमत?’’

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आठवत नाही.

‘‘मग गप्प बसा. चार सतरा ते चार बावीस : मानपत्राचं वाचन. दोन मिनिटं तुम्ही खाल्लीत.’’

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. बल्बचं पुन्हा वाचलं, पण त्यांच्या तोंडून ते ऐकून कुणाला हसू आलं नाही. पुढे होतं ते असं :

‘‘‘शहराची मुख्य वाहिनी फुटली त्या दिवशी जोडाला लागणारं जुन्या मापाचं रबरी कडं कुठेच मिळेना. कारखान्यांनी ते बनवणं सोडून अकरा वर्षं झाली होती. भांडारपालांकडे ते होतं. ते भंगारात काढा म्हणून त्यांना तीन वेळा लेखी ताकीद मिळाली होती. त्यांनी तिन्ही ताकिदी सही करून घेतल्या आणि कडं ठेवून घेतलं. संध्याकाळी पाणी सुरू झालं. दवाखान्यांना आलं, घरांना आलं. त्या ताकिदी मागे घ्याव्यात असं नंतर कुणाला सुचलं नाही, आणि त्यांनीही कुणाला आठवण करून दिली नाही.’’’

बाईंनी फाइल मिटली. ‘‘टाळ्या. एक मिनिट,’’ त्या म्हणाल्या.

लोकांनी वाजवल्या. साहेबांनी कापड काढून स्मृतिचिन्ह उचललं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं. बाईंनी स्वतःचं नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. ‘‘याला पत्रिकेत जागा नाही,’’ त्या म्हणाल्या, पण ते त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. टाळ्या तीन-साडेतीन मिनिटं चालल्या असतील. बाईंचे दोन्ही हात स्मृतिचिन्हात अडकले होते, त्यामुळे थांबवणार कोण?

खाली उतरल्यावर त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, ‘‘माझा खरा करायचा असेल तर मला सांगून करा. पत्रिका मी देते. मानपत्र मात्र कुणीतरी शिका लिहायला.’’

आम्ही तिघं बाहेर पडलो. ही मध्ये, बाईंनी फाइलमधून काढून दिलेलं मानपत्र छातीशी धरलेलं. कोपऱ्यापर्यंत आलो. मग मेव्हण्याला राहवलं नाही.

‘‘म्हणजे ताई, शेवटी सत्कार झाला कुणाचा?’’

‘‘सत्कार बाईंचा झाला,’’ ही म्हणाली. ‘‘यांची चौकशी झाली. एकोणीस दिवस. चौदा साक्षीदार. त्यातून निर्दोष सुटले. तुझ्या सातांपैकी एकाची तरी कुणी चौकशी केली होती का रे?’’

मेव्हण्याला एकाएकी दुकान बंद करायची वेळ आठवली. तो गेल्यावर आम्ही दोघंच चालायला लागलो. आता माझी पाळी आहे हे मला कळत होतं.

‘‘तीन आठवडे मला फसवलंत,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘आणि त्या ताकिदी कधीच्या?’’

मी वर्ष सांगितलं.

ती थांबली. ‘‘त्या वर्षी तुम्ही जेवत नव्हता. मी रोज पित्ताच्या गोळ्या देत होते तुम्हाला.’’

‘‘मुकाट्याने घेत होतो.’’

‘‘मला सांगायला काय झालं होतं?’’

‘‘काय सांगणार? एक रबराचं कडं टाकवत नाही म्हणून नवरा बोलणी खातोय?’’

ती चालायला लागली, नेहमीपेक्षा हळू. तिला खूप राग आला होता, अजूनही होता, आणि तरी तिने माझी बाही धरली होती.

‘‘सत्कार खोटा आहे हे आधी सांगितलं नाहीत, तेवढं बरं केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘सांगितलं असतंत, तर मी आज आलेच नसते.’’